जीमॅट पुन्हा द्यायची का? ठरवताना या चुका टाळा

जीमॅट म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिचा स्कोअर अपेक्षेपेक्षा कमी आला की पहिला विचार येतो तो पुढच्या तारखेचा. नियमही फारसे आड येत नाहीत. दोन प्रयत्नांमध्ये 16 दिवसांचं अंतर ठेवलं की झालं, आणि 12 महिन्यांत 5 वेळा परीक्षा देता येते. पण तारीख मिळतेय म्हणून परीक्षेला बसणारे बरेच जण जवळपास तोच स्कोअर घेऊन परत येतात. वेळ जातो, पैसा जातो आणि उमेदही खचते.

पुन्हा बसण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: या वेळी स्कोअर वेगळा का येईल? ‘आणखी अभ्यास करेन’ हे उत्तर चालणार नाही. ‘डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते, आलेख आणि माहितीवरच्या प्रश्नांचा विभाग) एकाच प्रश्नसंचात आठ मिनिटं गेली, म्हणून शेवटचे चार प्रश्न अंदाजाने सोडवले’ हे मात्र खरं उत्तर आहे, कारण यावर काम करता येतं. असं एखादं नेमकं कारण सापडत नसेल, तर अजून ठरवायची वेळ आलेली नाही.

फक्त एकूण आकडा पाहणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एकूण स्कोअर 205 ते 805 मध्ये येतो, पण तो बनतो क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स या तीन विभागांतून. प्रत्येक विभागाचे गुण 60 ते 90 असतात आणि तिघांचं वजन सारखं. म्हणजे कुठल्याही विभागात एक गुण वाढला की एकूण स्कोअर साधारण 6-7 ने सरकतो.

समजा क्वांट 83, व्हर्बल 82 आणि डेटा इनसाइट्स 76 आहेत. एकूण 615 च्या आसपास येतात. हा आकडा पाहून अनेक जण पुन्हा क्वांटचं पुस्तक उघडतात, कारण क्वांटचा अभ्यास ओळखीचा असतो, तो करताना बरं वाटतं. पण 83 चे 85 करायला जेवढी मेहनत लागेल, त्यापेक्षा कमी मेहनतीत डेटा इनसाइट्स 80-81 पर्यंत नेता येण्याची शक्यता जास्त. तेवढ्यानेच एकूण स्कोअर 635-645 होतो. शिवाय पर्सेंटाइल प्रत्येक विभागाचं वेगळं असतं. डेटा इनसाइट्समधले 80 हे क्वांटमधल्या 80 पेक्षा बरेच वरचे मानले जातात. त्यामुळे तिन्ही आकडे शेजारी ठेवून ‘इथे कमी, तिथे जास्त’ असं ठरवू नका. प्रत्येकासमोरचं पर्सेंटाइल वाचा.

अधिकृत स्कोअर रिपोर्टमध्ये प्रश्नप्रकारानुसार कामगिरी आणि वेळेचा हिशोबही असतो. तो शांतपणे वाचा. प्रत्येक विभागाला 45 मिनिटं असतात. क्वांटचे 21 प्रश्न, व्हर्बलचे 23, डेटा इनसाइट्सचे 20. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांच्या आगेमागे. सुरुवातीच्या प्रश्नांना तीन-साडेतीन मिनिटं आणि शेवटच्यांना चाळीस सेकंद असं दिसलं, तर अडचण विषयाच्या ज्ञानापेक्षा प्रश्न सोडून देता न येण्यात आहे. प्रश्न अनुत्तरित राहिले तर त्याचा वेगळा फटका बसतो, हेही लक्षात ठेवा. एका विभागात तीनच उत्तरं बदलता येतात. तरीही खुणा करून ठेवलेल्या सात-आठ प्रश्नांकडे परतण्यासाठी वेळ राखणारे आहेत, आणि त्यातच त्यांचा बाकीच्या प्रश्नांचा वेळ जातो.

जुन्या ‘700’ शी तुलना

सध्याचं स्वरूप नोव्हेंबर 2023 मध्ये आलं आणि जुनी परीक्षा जानेवारी 2024 अखेर बंद झाली. नव्या मोजपट्टीवर सगळे स्कोअर 5 ने संपतात आणि 645 हा जुन्या 700 च्या जवळपासचा मानला जातो. तरीही घरातल्या मोठ्यांचे, ऑफिसातल्या सीनियरचे जुने आकडे ऐकून चांगल्या 655 वर नाराज होणारे खूप आहेत. त्यांनी कॉलेजने स्वतः जाहीर केलेला, नव्या परीक्षेचा स्कोअर पाहावा. सरासरी किंवा मध्यक पाहण्यापेक्षा बहुतेक विद्यार्थी ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा पाहा. त्यात तुम्ही आरामात असाल, तर 10-20 गुणांसाठी परीक्षेला बसण्यात फारसा अर्थ नाही. तेवढा फरक एकाच माणसाने दोन वेगळ्या दिवशी परीक्षा दिली तरी पडू शकतो.

अभ्यासाचं साहित्यही याच कारणासाठी तपासा. भूमिती, वाक्यरचना सुधारणा आणि निबंध आता नाहीत. डेटा सफिशियन्सी (दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे का, हे ठरवायचे प्रश्न) क्वांटमधून डेटा इनसाइट्समध्ये गेली. जुन्या पुस्तकांवर वेळ घालवत असाल तर तो आधी थांबवा.

मॉकच्या स्कोअरवर विसंबणं

‘मॉकमध्ये (सराव परीक्षेत) 685 येत होते, मग इथे 625 कसे?’ उत्तर अनेकदा मॉकमध्येच असतं. आधी पाहिलेले प्रश्न पुन्हा आले, मध्ये फोन घ्यायला घड्याळ थांबवलं, किंवा मॉक खाजगी कंपनीची होती. अधिकृत साइटवर दोन मॉक मोफत आहेत. त्या न पाहिलेल्या, एका बैठकीत, खऱ्या वेळेत दिलेल्या असतील तरच त्यांचा आकडा धरा. तोही दोन-तीन वेळा आलेला असावा. तसं असेल आणि परीक्षेच्या दिवशी खरोखर ताप होता किंवा झोप झाली नव्हती, तर 16 दिवसांनी पुन्हा बसणं योग्य. मॉक आणि परीक्षा दोन्ही सारखेच येत असतील, तर 16 दिवसांत काही बदलणार नाही. दीड-दोन महिन्यांची तयारी धरूनच तारीख घ्या.

पुन्हा दिल्याने छाप वाईट पडेल अशी भीती

स्कोअर पाहिल्यानंतर तो कुठे पाठवायचा हे तुम्हीच ठरवता, आणि कॉलेजला फक्त तुम्ही पाठवलेला स्कोअर दिसतो. त्यामुळे कमी स्कोअर कायमचा चिकटतो ही भीती सोडा. अधिकृत स्कोअर आल्यावर 48 तासांत 5 ठिकाणी तो मोफत पाठवता येतो. फुकट आहे म्हणून घाईत पाठवू नका. पुन्हा द्यायचा विचार पक्का असेल तर थांबा.

अर्जाचा वेळ परीक्षेला देणं

अनेक पूर्णवेळ एमबीए अभ्यासक्रमांची अर्जांची पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. डिसेंबरच्या शेवटी परीक्षा ठेवली तर अर्जासोबतचे निबंध रात्रीतून लिहिले जातात आणि शिफारसपत्र देणाऱ्यांच्या मागे ऐन वेळी लागावं लागतं. निबंधांचा पहिला मसुदाही झाला नसेल, तर स्कोअर पट्ट्यात असताना मी परीक्षेऐवजी निबंधांनाच वेळ देईन. स्कोअर पट्ट्याच्या खूप खाली असेल, तर उलटं करा: फेरी पुढे ढकला, पण परीक्षा नीट तयारीने द्या.

दोन नीट प्रयत्नांनंतरही आकडा हलत नसेल आणि वेळेचं गणितच जुळत नसेल, तर जीआरई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेची एक अधिकृत मॉक देऊन पाहा. बहुतेक कॉलेजं तीही स्वीकारतात. तिच्यात एका विभागातले प्रश्न मागेपुढे करता येतात आणि गणिताला कॅल्क्युलेटर मिळतो, तर जीमॅटमध्ये तो फक्त डेटा इनसाइट्सला असतो. मात्र शब्दसंग्रहाची मागणी मोठी आहे. मॉकचा निकाल स्पष्टपणे चांगला आला तरच तिकडे वळा.