नॉर्वेतले पूर्वज शोधायचे तर आडनाव सोडा, शेत धरा

माझं सासर मिनेसोटातलं, मूळ नॉर्वेचं. आजेसासूबाईंच्या बायबलच्या पहिल्या पानावर चार नावं होती, त्यापलीकडे घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. माझ्या माहेरी छापील कुलवृत्तांत आहे. आपल्या मुलांना एका बाजूचं सगळं ठाऊक आणि दुसऱ्या बाजूचं काहीच नाही, हे मला बघवेना. म्हणून शोधायला बसले. इकडे अमेरिकेत नॉर्वेजियन घरांत दिलेल्या मराठी मुली-मुलगे बरेच आहेत, त्यांच्यासाठी ही पद्धत लिहिते आहे.

नॉर्वेच्या कागदांना लगेच हात घालू नका. आधी अमेरिकेतलं सगळं उपसा. तिथून एकच गोष्ट हवी असते: माणूस नेमक्या कोणत्या पॅरिशमधला, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतला. ‘आमचे लोक बर्गनचे’ असं घरोघरी सांगतात, पण पुष्कळदा ते जहाज सुटलं त्या बंदराचं नाव असतं. १९००च्या अमेरिकन जनगणनेत देशात आल्याचं वर्ष मिळतं, जन्मस्थळापुढे मात्र नुसतं ‘नॉर्वे’. गाव सापडतं ते खेड्यातल्या ल्युथरन चर्चच्या वहीत. पाद्री स्वतः नॉर्वेजियन, त्यामुळे कोण कुठला हे त्यांना कळायचं आणि ते लिहून ठेवायचे. आम्हाला ‘लुस्टर, सोग्न’ हे दोन शब्द एका मृत्यूच्या नोंदीत मिळाले. जुने मृत्युलेख, थडग्याचे दगड, नाव-साल रंगवलेली लाकडी पेटी, हेही बघा.

आता नावाचं. ओले हान्सन हाउगेन म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि राहत्या शेताचं नाव. आपल्या ‘कर’ लावलेल्या नावासारखंच, पण एक मोठा फरक आहे. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की शेवटचं नाव बदलायचं. एकच ओले तीन नोंदींत तीन आडनावांनी भेटू शकतो. त्याची बहीण हान्सदात्तर, म्हणजे हान्सची मुलगी, आणि लग्नानंतरही हान्सदात्तरच. कायमचं आडनाव घेणं कायद्याने सक्तीचं झालं ते १९२३मध्ये. म्हणून शोधताना आडनावाची चौकट रिकामी ठेवा. नुसतं नाव, जन्मसाल आणि पॅरिश घाला.

हे सगळं ‘डिजिटालआर्किव्हेट’ या नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहे. १८०१, १८६५, १८७५, १९०० आणि १९१०च्या जनगणना तिथे नावानिशी शोधता येतात. स्पेलिंगची खात्री नसेल तर नावाचा भाग लिहून पुढे तारांकन टाका, कारण क्रिस्तियान ‘के’नेही लिहायचे आणि ‘सीएच’नेही. १८६५ची जनगणना मला सर्वांत प्रिय आहे. तिच्यात घरातली माणसं तर आहेतच, शिवाय गाई, मेंढ्या, शेळ्या किती आणि बटाटे, बार्ली किती पेरली तेही आहे. नावापुढे ‘हुसमान’ असेल तर तो दुसऱ्याच्या जमिनीवर खोपटं बांधून राहणारा, बदल्यात मजुरी करणारा. ही माणसं देश सोडून का गेली, ते त्या दोन-तीन आकड्यांत दिसतं.

मग चर्चच्या नोंदवह्या. अक्षर गॉथिक, भाषा डॅनिश वळणाची. घाबरू नका. आधी त्या लिपीचा तक्ता समोर ठेवून तुम्हाला माहीत असलेली नावं हाताने गिरवा, डोळा लवकर बसतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईवडील, त्यांचं शेत आणि शेवटी साक्षीदार धर्मपालकांची नावं असतात. ही शेवटची नावं वगळू नका. ते बहुधा काका, मावशी, आजोबा असतात आणि प्रत्येकापुढे त्याचं शेत असतं. आईचं माहेर आम्हाला तिथेच मिळालं. जुन्या वह्यांत तारखेऐवजी ‘त्रिनितातिसनंतरचा चौथा रविवार’ असं लिहिलेलं असतं. त्रिनितातिस हा चर्चचा एक सण, त्या वर्षीच्या ईस्टरवरून ते मोजून काढा. कन्फर्मेशन म्हणजे मोठं झालेलं मूल चर्चमध्ये आपली श्रद्धा जाहीर करतं तो विधी. त्याच्या नोंदीत देवीची लस कधी टोचली तेही सापडतं, कारण १८१०च्या कायद्याने लस टोचल्याशिवाय कन्फर्मेशन नव्हतं.

पहिल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव. मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला. त्यामुळे एकाच घरात दोन ओले दिसले तर पहिल्याच्या मृत्यूची नोंद शोधा. मात्र दोन्ही आजोबा ओले असतील, तर दोघेही जिवंत असू शकतात.

देश सोडल्याची नोंद त्याच वह्यांत ‘उदफ्लितेदे’ या सदराखाली असते. पोलिसांच्या बंदरावरच्या याद्या ट्रॉनहाइमसाठी १८६७पासून आणि बर्गनसाठी १८७४पासून आहेत. तुमचे लोक १८५०-६०च्या दशकांतले असतील तर न्यूयॉर्कच्या याद्यांत वेळ घालवू नका. तेव्हाची नॉर्वेजियन शिडाची जहाजं बहुतेक कॅनडातल्या क्वेबेकला लागत.

शेत सापडलं की त्या भागाचं ‘बिग्देबोक’ मागवा. एकेका शेतावर कोण कोण नांदलं याचा तो इतिहास. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला नॉर्वेजियन वंशशोधाचं खास ग्रंथालय आहे, तिथे ही पुस्तकं बघायला मिळतात. पण छापलेलं आहे म्हणून मान्य करू नका. शेतमालकांची माहिती भरभरून आणि हुसमानांची दोन ओळींत, असं कित्येक ठिकाणी दिसतं. प्रत्येक जन्म, प्रत्येक लग्न मूळ वहीत स्वतः वाचा आणि पानाचा दुवा नावासमोर लिहून ठेवा.