‘सिंटिलेशन’ हा शब्द कसा समजून घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी हा शब्द पाठ करण्याआधी त्याचे मूळ पाहावे. लॅटिनमध्ये ‘सिंटिला’ म्हणजे ठिणगी. त्यावरून ठिणग्या उडणे, लुकलुकणे आणि पुढे बोलण्यात बुद्धीची चमक दाखवणे, अशा अर्थांचे ‘सिंटिलेट’ हे क्रियापद सतराव्या शतकात इंग्रजीत आले. हाच मूळ लॅटिन शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाताना त्यातील व्यंजनांची अदलाबदल झाली आणि झगमगत्या पट्ट्यांचा ‘टिन्सेल’ तयार झाला. (‘स्टेन्सिल’ही याच कुळातला, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.)

खगोलशास्त्रातील अर्थ मात्र डोळ्यांनीच तपासावा, कारण व्याख्येपेक्षा तो तिथेच नीट कळतो. हिवाळ्यातील निरभ्र रात्री, राजहंसगडाच्या परिसरासारख्या शहरी दिव्यांपासून दूरच्या जागेवरून व्याधाचा तारा पाहावा: बिंदूएवढा त्याचा प्रकाश वातावरणातील कमीअधिक तापमानाच्या, सतत हलणाऱ्या हवेतून वळत येतो, म्हणून तो लुकलुकतो. गुरू आकाशात असल्यास त्याच्याशी ताडून पाहावे. त्याची लहानशी का होईना, तबकडी असते, त्यामुळे तो बराच स्थिर दिसतो. तुलना करताना दोन्ही क्षितिजापासून पुरेसे वर असावेत.

भौतिकशास्त्रात किरणोत्सारी कण आदळल्यावर झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणाऱ्या क्षणिक चमकेलाही सिंटिलेशनच म्हणतात.