आई-बाबांसोबत नाशिकची वाइन टेस्टिंग सहल : या चुका टाळा

आईला किंवा बाबांना घेऊन नाशिकला वाइन टेस्टिंगला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी वायनरींची यादी काढतात आणि एका दिवसात तीन-चार बसवतात. सहल बिघडते ती इथूनच. साठी-सत्तरीतल्या माणसासोबत दिवसाला एकच वायनरी ठेवावी. दुसरी बघायचीच असेल तर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्या बऱ्याचशा अडचणी एवढ्या एका निर्णयाने टळतात.

महिना चुकतो

नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी. फळ येतं ते गोडी छाटणीनंतर आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार दिसतो, वेलीही पानांनी भरलेल्या असतात, पण घड एकही नसतो. ‘द्राक्षं कुठायत?’ हा आईचा पहिला प्रश्न असणार, तेव्हा तिला घरूनच सांगून ठेवा. एप्रिल-मे तर टाळाच. खरड छाटणीनंतर बागेत नुसती खोडं आणि वलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) उरतात आणि दुपारचं ऊन वयस्कर माणसाला झेपत नाही.

हंगामातही दिवस निवडावा लागतो. शनिवार-रविवार, नाताळ ते नवं वर्ष आणि फेब्रुवारीत सुलाफेस्ट (सुला वायनरीचा संगीत महोत्सव) असेल ते दिवस सोडा. गंगापूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि टेस्टिंग रूममध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. मंगळवार ते गुरुवार उत्तम. हटकून होणारी चूक म्हणजे २६ जानेवारीची जोडून सुट्टी. हंगाम ऐन भरात असतो, हॉटेल मिळतं, आणि तिथे गेल्यावर कळतं की आज ड्राय डे आहे. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरचंही तेच. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही तपासा. बाग बघता येईल, पण ग्लासात काही मिळणार नाही.

शिवाय कॅलेंडरमध्ये संकष्टी, एकादशी आणि आईचा ठरलेला वार बघून घ्या. उपास असेल तर ती वाइन घेणार नाही आणि तिथलं जेवणही नाही. तारीख पक्की करण्याआधी तिलाच विचारलेलं बरं.

चार दिशा एका दिवसात

नाशिकच्या वायनरी एका रस्त्यावर नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून जवळ आहेत. शाँदाँ दिंडोरीकडे. व्हॅलोन आणि सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा इगतपुरी तालुक्यात, म्हणजे मुंबईच्या वाटेवर. रेव्हिलो निफाड बाजूला, शहराच्या पूर्वेला. यांतला एकच भाग निवडा. मुंबईहून एका दिवसात परत यायचं असेल तर इगतपुरीचा भाग सोयीचा, कारण शहरात शिरावंच लागत नाही. मुक्काम असेल तर गंगापूरचा.

रेल्वेने येणारे आणखी एका ठिकाणी फसतात. नाशिक रोड स्टेशन आणि गंगापूर रस्ता ही शहराची दोन टोकं आहेत, मध्ये साधारण २० किलोमीटर आणि भर शहराची वाहतूक. स्टेशनवरून निघून अकराच्या टेस्टिंगला पोहोचायचं तर दीड तास हाताशी ठेवा.

देवदर्शन आणि वाइन एकाच दिवशी नको. त्र्यंबकेश्वर किंवा वणीची सप्तशृंगी जोडून घ्यायची इच्छा आई-बाबांची असतेच, आणि ती रास्तच आहे. दर्शन पहिल्या दिवशी सकाळी, वाइन दुसऱ्या दिवशी, असा क्रम ठेवा. उलटा क्रम ठेवला तर ‘काल घेतली, आज देवळात कसं जायचं’ हा विचार त्यांच्या मनात राहतो आणि दर्शनाचं समाधान मिळत नाही. महाशिवरात्र याच हंगामात येते. त्या आठवड्यात त्र्यंबकची रांग वयस्कर माणसाला उभं राहण्यासारखी नसते. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वकाळात तर हा बेतच पुढे ढकला.

गोळ्यांची यादी घरी राहते

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘थोडीशी घेतली तर काय होतं’ हे प्रत्येक गोळीला लागू पडत नाही.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वाइननंतर रक्तातली साखर खाली येऊ शकते, आणि तीही लगेच नाही, काही तासांनी, कधी रात्री झोपेत. शरीर अल्कोहोल निकालात काढण्याच्या कामात असताना यकृताकडून रक्तात साखर सोडली जात नाही, हे त्याचं कारण. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं चढल्यासारखीच दिसतात, म्हणून घरचे ‘झोपू दे’ म्हणतात, आणि नेमका तिथेच धोका असतो. ग्लुकोमीटर सोबत ठेवा आणि झोपण्याआधी एकदा साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस नीट गिळू शकत नसेल, शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

मेट्रोनिडाझोलकडे कुणाचं लक्षच नसतं. प्रवासात पोट बिघडलं की ही गोळी सर्रास घेतली जाते. तिच्यासोबत अल्कोहोल गेलं तर चेहरा लाल होणं, मळमळ, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर किमान ३ दिवस वाइन नको. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या वाइनसोबत दुप्पट सुस्ती आणतात. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटही नको. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनीही आधी विचारावं.

डॉक्टरांना ‘वाइन चालेल का?’ एवढंच विचारलं तर उत्तर मोघमच मिळतं. असं विचारा : ‘दुपारी जेवणाच्या आसपास १०० मिली वाइन, तासाभरात, घोट घोट. या गोळ्यांसोबत चालेल का? त्या दिवशी कुठल्या गोळीची वेळ बदलायची का?’ आणि मनाने गोळी चुकवायची नाही. वाइनसाठी बीपीची गोळी न घेणं हा उपाय नव्हे.

‘टेस्टिंग म्हणजे थोडीशीच’

हिशेब करून बघा. सहा वाइन, प्रत्येकी ३० मिली, म्हणजे १८० मिली. १२.५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात साधारण १८ ग्रॅम अल्कोहोल येतं. दोन वायनरी केल्या की ३६० मिली, म्हणजे जवळपास अर्धी बाटली. वयानुसार शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे तुम्हाला जेवढी चढते त्याच मापात बाबांना जास्त चढते. तहानही त्यांना उशिरा लागते.

त्यात आपल्या घरांमधली एक सवय आडवी येते. पैसे दिलेत म्हटल्यावर ग्लासात काही टाकायचं नाही. बाबा सहाही ग्लास रिकामे करतात, आवडलेला आणि न आवडलेलाही. यावर उपाय बुकिंग करतानाच आहे. दोघांत एकच टेस्टिंग घेता येईल का, ते फोनवर विचारा. नाही म्हणाले तर सगळ्यात कमी वाइनचं टेस्टिंग निवडा. टेबलावर थुंकण्यासाठी भांडं मागून घ्या. ते दिसलं नाही तरी मागितल्यावर मिळतं. या धंद्यातली माणसं रोज चव घेऊन थुंकतात, त्यात गैर काही नाही, हे आईला घरीच सांगितलेलं असेल तर तिथे तिला संकोच वाटत नाही. दर दोन वाइननंतर अर्धा ग्लास पाणी प्या.

बीपीची गोळी, ऊन आणि वाइन एकत्र आली की उठताना चक्कर येते. आली तर तिथेच बसवा किंवा आडवं करून पाय थोडे वर ठेवा, पाणी द्या आणि दहा मिनिटं उठू देऊ नका. छातीत दुखत असेल किंवा चक्कर थांबत नसेल तर वाट बघत बसू नका.

सकाळची मिसळ

नाशिकला आलोय तर मिसळ हवीच, पण टेस्टिंगच्या आधी नको. तिखटाने जीभ पेटलेली असताना अल्कोहोल अधिक जाळतं आणि रेड वाइनचा तुरटपणा कडू लागतो. मग आई म्हणते, ‘ही काय औषधासारखी!’ वाइन चांगली असूनही. मिसळ परतीच्या दिवशी ठेवा. टेस्टिंगच्या सकाळी पोहे, उपमा, इडली असं सौम्य आणि पोटभर खाणं हवं. रिकाम्या पोटी तर मुळीच जाऊ नका. पान, बडीशेप, तंबाखू, मिश्री यांनी तोंडाची चव तासभर झाकली जाते. अत्तर लावून गेलात तर वाइनचा वास कळत नाही, आणि शेजारच्या टेबलालाही कळत नाही.

वेळ अकरा-साडेअकराची घ्या. जीभ ताजी असते, गर्दी नसते आणि लगेच जेवायला बसता येतं.

पहिलाच घोट शिराझचा

ज्या आईने आयुष्यात वाइन घेतलेली नाही तिच्यापुढे पहिला ग्लास शिराझ किंवा कॅबरने सोविन्यॉं अशा तुरट, जड रेड वाइनचा आला तर तिचं तोंड वाकडं होणारच. आधी किंचित गोडसर शेनाँ ब्लां, मग सोविन्यॉं ब्लां (या दोन्ही व्हाइट वाइन), मग रोझे म्हणजे गुलाबी वाइन आणि शेवटी हलकी रेड, असा चढता क्रम सांगा. लेट हार्वेस्ट शेनाँ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) मिळाली तर ती अगदी शेवटी, कारण त्या गोडीनंतर बाकीच्या आंबट लागतात. एखादी नको वाटली तर ‘अजून एक घोट घेऊन बघ’ असा आग्रह करू नका. काही आई-बाबांना बाग बघायची असते, वाइन नाही. त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस मिळतो का, ते आधीच विचारून ठेवा.

घरचे शुद्ध शाकाहारी असतील तर आणखी एक प्रश्न विचारा. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. कुठल्या वाइनला काय वापरलंय, ते टेस्टिंग रूममध्ये विचारता येतं. दमा असेल तर वाइनमधल्या सल्फाइटने त्रास होऊ शकतो, इनहेलर खिशात हवा.

बागेत आणि तळघरात

बागेतला घड परवानगीशिवाय तोडू नका. डाऊनी आणि भुरी या वेलीच्या रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात. गाइडने स्वतः मणी दिला तर मात्र तो नीट बघा. बाबांच्या ओळखीची थॉमसन म्हणजे लांबट आणि बिनबियांची. वाइनच्या द्राक्षाचा हा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा आणि तिच्याहून गोड असतो. बी दातांत धरून फोडायला सांगा. हिरवट आणि चिवट असेल तर माल अजून कच्चा. तपकिरी असेल आणि कुरकुरीत फुटली तर तोडणीला आला. तासगाव किंवा पिंपळगावकडचे बागायतदार वडील असतील तर याच जागी त्यांचा अर्धा तास जाणार, तेवढा वेळ राखून ठेवा.

आतली फेरी अर्धा-पाऊण तास उभ्यानेच असते. टाक्यांची दालनं आणि पिंपांची खोली थंड असते, बाहेर तीस अंश असले तरी शाल हवी. तोडणीच्या दिवसांत जमीन सारखी धुतात, ती ओली आणि निसरडी असते, म्हणून रबरी तळव्याचे बंद बूटच घाला. बुकिंगच्या फोनवर हे विचारा : जिने किती, कठडा आहे का, मध्ये बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, फेरी आणि टेस्टिंगचे पैसे वेगळे का. गुडघे दुखत असतील तर फेरी सोडून फक्त टेस्टिंग घेता येतं.

परतीची गाडी

गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका टेस्टिंगनेही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अ‍ॅपवरची कॅब जाताना मिळते, धरणाच्या बाजूने परतताना मिळेलच असं नाही. ‘८ तास ८० किलोमीटर’च्या बोलीवर ड्रायव्हरसह गाडी ठरवा, आणि ती पुढच्या सीटवर सहज चढता-उतरता येईल अशी असू द्या. धाकटं भावंड सोबत असेल तर वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र घ्या.

घेतलेली बाटली

वणीहून पुढे सापुताऱ्याला जायचा बेत असेल तर बाटली घेऊ नका. सापुतारा गुजरातेत आहे, तिथे दारूबंदी आहे आणि परमिटशिवाय डिकीतली एक बाटलीही गुन्हा ठरते. सुरत-बडोद्याला राहणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

मार्चच्या उन्हात बंद डिकीत ठेवलेली वाइन दोन-तीन तासांत शिजते. बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो आणि चव उकडलेल्या फळासारखी होते. बाटली एसी चालू असलेल्या भागात, मागच्या सीटखाली, कापडात गुंडाळून ठेवा. जेवायला थांबलात की ती सोबत आत न्या. घेताना लेबलवरचं वर्ष बघा. नाशिकच्या बहुतेक व्हाइट आणि रोझे वर्ष-दोन वर्षांतच चांगल्या लागतात, जपून ठेवून सुधारत नाहीत. घरी व्हाइट ८ ते १० अंशांवर द्या. रेडसुद्धा आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीतली तशीच ओतू नका, वीस-तीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन ते पाच दिवस टिकते, त्यानंतर ती रश्शात घाला.