नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, बोअरचं पाणी असं तपासा

हल्ली गल्लीत प्रत्येकाकडे ते पेनासारखं टीडीएस मीटर आहे, ग्लासात बुडवायचं, आकडा चारशेच्या आत आला की बिनधास्त प्यायचं. भाऊ, ते मीटर फक्त विरघळलेले क्षार सांगतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात कॅम्प लेज्यून नावाचा मरीन सैनिकांचा तळ आहे, तिथं १९५३ ते १९८७ सैनिकांची बायकापोरं जे पाणी प्यायली त्यात ट्रायक्लोरोइथिलीन (यंत्रांचं ग्रीस धुवायचं रसायन) आणि बेंझिन (इंधनात असणारं विषारी रसायन) होतं, आणि असल्या मीटरवर त्यानं आकडा हललाही नसता.

आपल्याकडे भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी आहेत, तिथलं पाणी खराब आहे असं मी बिलकुल म्हणत नाही. पण डेपो, फायरिंग रेंज, पेट्रोल पंप, कारखाना, काहीही जवळ असलं तर एकदा नीट तपासून घ्याच.

आधी बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात साचलेलं जाऊ द्या. रासायनिक तपासणीला दोन लिटरचा स्वच्छ कॅन, त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून भरायचा. जंतूंची बाटली मात्र लॅबमधूनच आणा आणि ती चुकूनही खंगाळू नका, तिच्यात क्लोरीन मारायचं औषध टाकलेलं असतं. वर थोडी जागा सोडा, बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा, मे महिन्यात आपल्या उन्हात दोन तास डिक्कीत राहिली की त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. इंधनाचा संशय असेल तर काचेची बाटली, पाणी काठोकाठ, झाकण लावून उलटी करून बघा, एक बुडबुडा जरी दिसला तरी परत भरा, कारण बेंझिन त्या हवेत निघून जातं.

लेबलवर तारीख, वेळ, गट नंबर, बोअर किती फूट ते लिहा.

नमुना भूजल सर्वेक्षणाच्या लॅबला देता येतो, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. पण नुसतं ‘पाणी तपासून द्या’ म्हटलं की पीएच, कडकपणा, नायट्रेट, फ्लोराईड असलं नेहमीचंच बघतात. शिसं, बेंझिन, दारूगोळ्यातलं परक्लोरेट, आग विझवायच्या फेसातलं पीफास हे नाव घेऊन मागावं लागतं, आणि ते सगळीकडे होत नाही, म्हणून एनएबीएलवाल्या, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबला आधी फोन करा, बाटली कोणती तेही विचारा.

नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आलं तर तान्ह्या लेकराला ते पाणी देऊच नका, उकळूनही नको. पाणी आटतं, नायट्रेट तिथंच राहतं. केळीच्या मळ्यातल्या बोअरवाल्यांनी हे जास्त बघा, युरिया आपण किती टाकतो आपल्याला माहितीये.

हवाईत २०२१ च्या नोव्हेंबरात नौदलाच्या रेड हिलच्या टाक्यांमधलं विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्यात गेलं, तेव्हा लोकांना नळाला वास आला होता. असा वास आला तर ते पाणी तापवू नका, आंघोळीलाही नको, वाफ छातीत जाते.

रिपोर्टची झेरॉक्स ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) द्या, पोच सही-शिक्क्यानिशी घ्या. शेजारच्या दोन बोअरचे नमुने त्याच दिवशी काढा, आणि पावसाळा संपला की परत एकदा.