बेदाणा: घड काढण्याची घाई उताऱ्यात नडते

फेब्रुवारी ते एप्रिल हा तासगाव, पंढरपूर पट्ट्यात बेदाणा निर्मितीचा काळ. द्राक्षाचा भाव पडला की कमी गोडीचा माल घाईने वाळवणीच्या शेडवर नेला जातो, आणि तोटा तिथेच सुरू होतो. हिशेब असा: २४ ब्रिक्स (रसातील साखरेचे माप, साधारण टक्क्यांत) गोडीच्या १०० किलो मण्यांपासून १५ टक्के ओलाव्याचा सुमारे २८ किलो बेदाणा मिळतो, १८ ब्रिक्सला तो २१ किलोवर येतो. मजुरी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), शेडभाडे मात्र तेवढेच. म्हणून बागेच्या वेगवेगळ्या भागांतील मणी रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजण्याचे उपकरण) तपासा. गोडी २२ च्या खाली असेल तर थांबा. काढणीपूर्वी पाणी कमी करा.

घड स्वच्छ पाण्यात धुऊन घ्या. फुटके, सडके मणी काढून टाका. द्रावणासाठी लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आधी पूर्ण विरघळवा, मग १५ मिली इथाइल ओलिएट (डिपिंग ऑइल) ढवळत ओता. पाणी दुधाळ दिसले पाहिजे. तेल वर तरंगत असेल तर मिश्रण नीट झालेले नाही. अशा द्रावणात बुडवलेले घड डागाळतात. घड २ ते ४ मिनिटे बुडवा. मण्यावरचा मेणाचा थर सैल झाला की आतले पाणी लवकर निघते. माती-रस साचून द्रावण गढूळ झाले की बदला.

रॅकच्या जाळीवर एकच थर पसरा. थरावर थर आला की मधले घड ओले राहून काळे पडतात. हिरवा रंग हवा असेल तर थेट ऊन लागू देऊ नका.

खरा धोका अवकाळी पावसाचा. ढग दिसताच ताडपत्रीचे पडदे सोडा, पण पाऊस थांबल्यावर लगेच वर करा. शेड बंद राहिले तर आत दमट हवा कोंडते आणि रात्रीत बुरशी धरते. वारा पडलेला असेल तर पंखे लावा.

हवामानानुसार साधारण १२ ते २० दिवसांत माल तयार होतो. मूठभर बेदाणा दाबून सोडा: दाणे सुटे झाले, हाताला रस लागला नाही, तर काढा. तरी ओलावा यंत्रावर मोजाच. १६ टक्क्यांच्या वर गेलेला माल साठवणीत आंबतो. देठ काढून, रंग आणि आकाराप्रमाणे प्रतवारी करा. एका बॉक्समध्ये हिरवा आणि काळपट दाणा मिसळला तर सौद्यात (लिलावात) सगळ्या बॉक्सला काळपटाचा भाव लागतो. लगेच विकायचे नसेल तर ४ ते ५ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवा; उघड्या गोदामात उन्हाळाभर ठेवलेला हिरवा बेदाणा तपकिरी होतो.