गोव्यात मॉडिफाइड गाडीसाठी गॅरेज निवडताना

ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप केलेली, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदललेली, किंवा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) बदललेली गाडी सर्व्हिसिंगला कुठे द्यायची, हे ठरवताना आधी कामांची विभागणी करावी. ब्रेक पॅड, कूलंट, एसी अशी कंपनीच्या मूळ भागांची कामे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यायला हरकत नाही. मात्र सॉफ्टवेअर अपडेट करू नये, असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे, कारण त्याने रीमॅप पुसला जाऊ शकतो आणि मग ट्यूनरकडे, म्हणजे रीमॅप करून देणाऱ्याकडे, पुन्हा खेपा घालाव्या लागतात.

इंजिनाच्या कामासाठी मडगाव किंवा म्हापशाकडचे गॅरेज पाहताना चकचकीत बोर्डापेक्षा मेकॅनिकचे प्रश्न ऐकावेत. पेट्रोल कोणते भरता, इंजिन नॉक करते का (आतून ठोके बसल्यासारखा आवाज येतो का), ऑइल कोणत्या ग्रेडचे, यांपैकी काहीही न विचारता जो थेट बॉनेट उघडून पाना चालवतो, त्याच्याकडे गाडी न दिलेलीच बरी. चाकाचे नट तो टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळतो की नुसत्या अंदाजाने, हेही शेजारी उभे राहून पाहावे.

खाऱ्या हवेने एक्झॉस्टचे सांधे आणि कॉइलओव्हरचे (उंची बदलता येणाऱ्या सस्पेन्शनचे) आटे गंजतात, म्हणून जूनपूर्वी ते स्वच्छ करून देणारा आणि उघडा एअर फिल्टर पावसाच्या पाण्यापासून झाकायला आपणहून सांगणारा मेकॅनिक मिळाला, तर तो थोडा लांब असला तरी चालेल.