उन्हाळी पिकांचे पाणी बाष्पीभवनाच्या हिशेबाने

उन्हाळ्याच्या तोंडाशी दर आठ दिवसांनी दिलेले पाणी पुरत होते, म्हणून ऐन उन्हातही आठवाच दिवस धरला तर पीक शेवटचे दोन दिवस ताणात काढते. उलट आभाळ आले, वारा पडला की तीच पाळी जास्तीची होते. पाणी मुळांखाली निघून जाते आणि जाताना नत्र घेऊन जाते. म्हणून मागच्या पाळीपासून हवेने रानातून किती पाणी ओढले ते मोजा आणि त्यावरून पुढची पाळी ठरवा.

या मोजणीचा पाया हॉवर्ड पेनमन यांनी घातला. इंग्लंडमधील रॉथमस्टेडच्या संशोधन केंद्रात त्यांनी उघडे पाणी, उघडी माती आणि गवत यांवरचे बाष्पीभवन ताडून पाहिले आणि 1948 मध्ये ऊन, तापमान, आर्द्रता व वारा यांवरून ते काढण्याचे समीकरण दिले. पानांची छिद्रे बाष्पाला जो अडथळा करतात तो जॉन माँटिथ यांनी 1965 मध्ये त्यात आणला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1998 च्या मार्गदर्शिकेत हीच पद्धत प्रमाण मानली. पाण्याची कमतरता नसलेले, 12 सेंटिमीटर उंचीचे गवत दिवसाला जितके मिलिमीटर पाणी हवेत सोडते, ते संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन. त्याला पीक गुणांकाने, म्हणजे आपले पीक त्या गवताच्या किती पट पाणी वापरते त्या आकड्याने, गुणले की आपल्या पिकाची गरज कळते.

जवळच्या हवामान केंद्राचा आकडा मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर बाष्पीभवन पात्र, म्हणजे रोज किती पाणी उडाले ते मोजण्याचे उघडे गोल भांडे, बसवा. प्रमाण पात्र सुमारे 121 सेंटिमीटर व्यासाचे आणि 25 सेंटिमीटर खोल असते आणि जमिनीपासून 15 सेंटिमीटर उंच लाकडी चौकटीवर अगदी समपातळीत ठेवतात. पाणी काठापासून 5 सेंटिमीटरपर्यंत भरा आणि 7.5 सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद घ्या. पाऊस झाला असेल तर तो पातळीतल्या घटीत मिळवा. झाडाची सावली, शेवाळ, पाणी प्यायला येणारी पाखरे यांनी आकडा बिघडतो. वर जाळी टाकली तर बाष्पीभवन 10 टक्क्यांपर्यंत कमी दिसते, हेही ध्यानात ठेवा. पात्रातली घट पात्र गुणांकाने गुणली की संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन मिळते. पात्राभोवती हिरवे पीक आणि मध्यम वारा असेल तर पात्र गुणांक 0.7 धरावा. भोवती कोरडे उघडे रान आणि जोराचा कोरडा वारा असेल तर तो 0.5 च्या आसपास उतरतो. हा फरक न पाहता सरसकट 0.7 धरला, तर पाणी गरजेपेक्षा बरेच जास्त जाते.

आता भुईमुगाचा हिशेब. पीक गुणांक सुरुवातीला 0.4, पूर्ण वाढीत 1.15 आणि काढणीकडे 0.6. पात्रात दिवसाला 9 मिलिमीटर घट झाली, तर 9 × 0.7 × 1.15 म्हणजे सुमारे 7.2 मिलिमीटर ही पिकाची रोजची गरज. मध्यम जमीन एक मीटर खोलीत साधारण 150 मिलिमीटर उपलब्ध पाणी धरते. मुळे 60 सेंटिमीटरपर्यंत असतील तर 90 मिलिमीटर, आणि त्यातले निम्मे, म्हणजे 45, संपले की पाणी द्यायचे. तेव्हा पाळी सहा दिवसांची झाली. पात्रातली घट 5 मिलिमीटरवर आली की रोजची गरज 4 वर येते आणि तीच पाळी अकरा दिवसांवर जाते. पीक तेच, रान तेच. बदलली फक्त हवा.

सरीतून देताना 65 टक्के कार्यक्षमता धरली, म्हणजे सोडलेल्यातले 65 टक्केच पाणी पिकाला मिळते असे मानले, तर 45 साठी सुमारे 70 मिलिमीटर सोडावे लागते. एका हेक्टरला एक मिलिमीटर म्हणजे 10 घनमीटर, म्हणून 700 घनमीटर. 200 लिटरचा पिंप 20 सेकंदांत भरणारा पंप सेकंदाला 10 लिटर देतो. त्याला साडेएकोणीस तास लागतात. पंपाचा प्रवाह मोजल्याशिवाय तास ठरवणे म्हणजे अंधारात पाणी सोडणे.

ठिबकला दोन लॅटरलमधील (ओळीतल्या नळ्यांमधील) अंतर 1.25 मीटर, ड्रिपरमधील (त्यांवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्यांमधील) 0.4 मीटर आणि ड्रिपर ताशी 2 लिटरचा असेल तर तासाला 4 मिलिमीटर पडते. गरज 7.2 आणि कार्यक्षमता 90 टक्के, म्हणजे 8 मिलिमीटर, दोन तास. पण हे दोन तास खरे ठरायला ड्रिपर सारखे चालले पाहिजेत. चार लॅटरल निवडून प्रत्येकीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि शेवट अशा सोळा ठिकाणी तीन मिनिटे पाणी धरा. 2 लिटरच्या ड्रिपरने 100 मिलिलिटर द्यायला हवे. सर्वांत कमी चारांच्या सरासरीला सोळांच्या सरासरीने भागा. 90 टक्क्यांच्या वर असेल तर संच उत्तम, 80 च्या खाली असेल तर आधी दुरुस्ती. शेवटचेच ड्रिपर कमी देत असतील तर दाब कमी पडतो. कमी देणारे विखुरलेले असतील तर ते तुंबले आहेत. फिल्टर धुऊन लॅटरलची टोके उघडी करून पाणी नितळ येईपर्यंत सोडा. हे न करता तास वाढवले, तर तहानलेल्या कोपऱ्यासाठी बाकीचे सगळे रान पाण्याखाली जाते.

रोपे लहान असताना रोजचे हलके शिंतोडे टाळा. तेव्हा पाने थोडी असतात आणि बहुतेक पाणी उघड्या ओल्या मातीवरून उडते. उगवण झाल्यावर थोडे अंतर ठेवून नीट ओल द्या आणि ओळींमध्ये आच्छादन करा.

पाणी कमी असेल तर वाटा नाजूक अवस्थांना द्या. मक्याला सबंध हंगामात गरजेच्या 20 टक्के पाणी कमी मिळाले तर उत्पादन साधारण 25 टक्के घटते. तीच तूट तुरा आणि रेशीम येताना पडली तर घट 30 टक्क्यांच्या घरात जाते. भुईमुगात आऱ्या, म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ, सुटताना वरचा थर कडक झाला तर आऱ्या जमिनीत शिरतच नाहीत.

हिशेब बरोबर बसतो का ते टेन्शिओमीटरने पडताळा. ही टोकाला मातीचा सच्छिद्र कप असलेली, पाण्याने भरलेली नळी. माती पाणी किती जोराने ओढते ते ती सेंटिबारमध्ये दाखवते; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी. एक मुळांच्या एक तृतीयांश खोलीवर, दुसरा तळाशी. मातीचा कप रात्रभर पाण्यात भिजवा आणि नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, नाहीतर हवेचे बुडबुडे आकडा खोटा दाखवतात. ठिबकवरच्या हलक्या जमिनीत वरचा 15 ते 20 सेंटिबारला आणि भारी जमिनीत 40 ते 50 ला गेला की पाणी द्या. 80 च्या पुढे पाण्याचा स्तंभ तुटतो. तेव्हा नळी पुन्हा भरावी लागते. खालचा सतत 10 च्या आत राहत असेल तर पाणी मुळांखाली जात आहे: पीक गुणांक 0.05 ने कमी करून आठवडाभर पाहा. खालचा चढतच राहिला तर तितकाच वाढवा.